एकोणसाठ दिवसांचा वाफा

मुलांनो, ‘वाफा’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे का? तुमच्यापैकी जी शेतकऱ्यांच्या घरातली आहेत ती म्हणतील, “हे काय विचारणं झालं?” पण शहरातल्या दोस्तांसाठी सांगते. भाजीपाला लावायला जमिनीचा जो तुकडा आखून घेतात, ज्याला चारी बाजूंनी कड असते, तो वाफा. जमिनीच्या पातळीत असला तर सपाट वाफा. लांबट उंचवटा आणि त्याच्या शेजारी चर असला तर सरी-वरंबा. आणि माती जमिनीच्या वर उचलून गादीसारखी पसरली की झाला गादीवाफा. किती छान नाव आहे बघा! खाली मऊमऊ मातीची गादी, आणि मुळांनी तिच्यात खुशाल हातपाय पसरायचे. फरक एवढाच, की घरातल्या गादीवर तुम्ही उड्या मारता, आणि या गादीवर कुणीही, अगदी बाईंनीसुद्धा, पाय ठेवायचा नाही.

आमच्या शाळेत असा एक गादीवाफा आहे. तो कसा बांधला ते सांगणार आहेच, पण त्याबरोबर त्याने आम्हाला एक गणित घातलं, तेही सांगायचं आहे. ते गणित पाठ्यपुस्तकात नव्हतं.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेवर. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक आणि २०२३ साली ३१ मुलं. शाळेमागे जागा भरपूर, पण ती सगळी मुरमाची. मुरूम म्हणजे पुरतं दगडही नाही आणि पुरती मातीही नाही. उन्हाळ्यात टिकाव मारला की ठणकन आवाज येतो. अशा जागेत भाजी लावायची, असं मी वर्गात म्हटलं तेव्हा मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण हळूच म्हणाला, “बाई, हितं तर कुसळं पन नीट येत नाहीत.”

मुलांचं खरं होतं. म्हणून तर माती वर उचलायची ठरवली. पण ही बातमी गावात गेली आणि दुसऱ्या दिवशी एका मुलीचे आजोबा काठी टेकत शाळेत आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांचा जन्म शेताच्या ताली घालण्यात गेलेला. ताल म्हणजे उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून रचलेला दगडी बांध. आबा म्हणाले, “बाई, गादीवाफा हा पावसाच्या मुलखातला. तिकडं पानी साचतं, मुळं कुजतात, म्हनून माती वर घेतात. आपल्याकडं पानीच नाही. वर उचललेली माती चहूकडनं वाळती. आपल्याला खोल आळं पाहिजे, आळं.”

आबांचं म्हणणं एकदम बरोबर होतं. कोरड्या मुलखात माती जितकी वर, तितकी ती लवकर सुकते. पण आळं खोल करायचं तर मुरूम खणायचा. मोठ्या माणसांनी दोन तास टिकाव चालवला तेव्हा कुठे वीतभर खड्डा झाला. आबांनी त्यात एक तांब्या पाणी ओतलं आणि बघत बसले. पाणी हलेना.

मग त्यांनीच तोड काढली. “उंची फुटाच्या वर नेऊ नका. कडा दगडाच्या करा. आतली माती कडंपेक्षा चार बोटं खाली ठेवा, मधी थोडी खोलगट. बाहेरून गादी, आतून आळं!”

मुलांना हे इतकं आवडलं, की दिवसभर कोणी काही विचारलं की एकच उत्तर: “बाहेरून गादी, आतून आळं!”

माती भरण्याआधी आम्ही वर्गात एक प्रयोग केला. तो तुम्हीही करू शकता. एकाच मापाचे दोन रिकामे डबे घ्या. दोन्हींच्या तळाला भोकं पाडा (हे काम मोठ्यांकडून करून घ्या). एका डब्यात माती भरून ती चांगली ठेचून बसवा, दुसऱ्यात तीच माती भुसभुशीत ठेवा. आता दोन्हींत एकेक पेला पाणी ओता. ठेचलेल्या मातीवर पाणी तळ्यासारखं उभं राहतं. भुसभुशीत मातीत ते भराभर खाली जातं आणि वर बुडबुडे येतात. ते बुडबुडे कसले? मातीत जी हवा होती तिचे. मुळांनाही श्वास लागतो, मुलांनो. ठेचलेल्या मातीत ना पाणी नीट जातं, ना हवा. आपण वाफ्यात एक पाऊल टाकतो तेव्हा त्या पावलाखालच्या मुळांचं नाक दाबतो, असं समजा.

आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी एक सुंदर शब्द आहे, वाफसा. माती कोरडी ठणठणीत नाही आणि चिखलही नाही. तिच्यात ओलही आहे आणि हवाही आहे, ही स्थिती म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबली तर तिचा लाडू वळतो आणि त्याच लाडवाला बोटाने टिचकी मारली तर तो फुटतो. असा फुटला की समजायचं, वाफसा आला, आता पेरायला हरकत नाही.

मग मापं काढायची वेळ आली. वाफा किती रुंद करायचा? पाय तर आत ठेवायचा नाही, म्हणजे कडेला बसून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. आम्ही पहिलीतल्या सगळ्यांत लहान मुलीला फरशीवर बसवलं आणि तिचा हात किती लांब पोचतो ते मोजलं. दीड फूट! दोन्ही बाजूंनी दीड-दीड, म्हणजे रुंदी तीन फूट. मोठ्या माणसांसाठी करायचा असता तर चार फूट चालला असता. लांबी ठेवली दहा फूट. त्याहून लांब केला, तर पोरं वळसा घालत नाहीत, मधूनच उडी मारतात. हे मी अनुभवाने सांगते, मला १२ वर्षं पोरांना शिकवण्याचा अनुभव आहे!

दहा गुणिले तीन गुणिले एक, म्हणजे ३० घनफूट. ‘घनफूट’ शिकवताना एरवी मुलं जांभया देतात. पण त्या दिवशी चौथीच्या मुलांनी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असं पुठ्ठ्याचं खोकं केलं आणि त्यात घमेल्याने माती ओतली. दोन घमेली बसली. म्हणजे ३० घनफुटांना ६० घमेली! आता कोणी आणायची? गुरुजी-बाई, पालक आणि मुलं, सगळ्यांनी मिळून.

दगड मात्र विकत आणावे लागले नाहीत. बालाघाटात दगडांना काय तोटा? आबांनी उभं राहून भिंत रचून घेतली. सिमेंट नाही, चुना नाही. मोठे दगड खाली, सपाट बाजू वर. वरच्या थराचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसवायचा, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. आणि भिंत किंचित आतल्या बाजूला कललेली, कारण ओली माती बाहेर रेटा देते. “दगडाला तोंड असतंय,” आबा म्हणायचे. “ते कुठल्या अंगाला बसतो म्हनतो ते ऐकायचं.” मुलं खरोखरच एकेक दगड हातात फिरवून त्याचं ‘तोंड’ शोधू लागली. मोठे दगड अर्थात मोठ्यांनीच उचलले आणि दगड हलवण्याआधी खाली काठी घालून विंचूबिंचू नाही ना, हे आबा पाहायचे. तुम्हीही हे विसरू नका.

भिंतीच्या आत तळाचा मुरूम टिकावाने खरवडून घेतला, म्हणजे जास्तीचं पाणी खाली झिरपायला वाट राहील. त्यावर १० घनफूट पालापाचोळा आणि पाचट. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. ते दाबून त्यावर शेणकाला शिंपडला. का माहीत आहे? वाळलेला पाला कुजवणारे सूक्ष्म जीव कामाला लागले, की त्यांना नत्र लागतं. ते त्यांना शेणातून मिळालं नाही, तर ते मातीतलं नत्र घेतात आणि आपली रोपं पिवळी पडतात.

उरले २० घनफूट, म्हणजे ४० घमेली. आम्ही तीन सारखे वाटे केले: पाझर तलावातला गाळ १३ घमेली, ओढ्याकाठची पोयट्याची माती १३ घमेली आणि चांगलं कुजलेलं शेणखत १३ घमेली. गाळ चिकट असतो, पण ओल धरून ठेवतो. पोयटा मोकळा असतो. शेणखत पोषण देतं आणि माती भुसभुशीत ठेवतं. शेण ताजं घालायचं नाही, ते कुजताना तापतं आणि त्यात हुमणीच्या अळ्याही येतात. तेरा त्रिक एकोणचाळीस. मग उरलेलं एक घमेलं कशाचं? त्यावरून तिसरी विरुद्ध चौथी असं भांडण जुंपलं. शेवटी ओढ्याची वाळू घालून तह झाला.

स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनानंतर वाफा भरला. पंधरा-वीस दिवसांत माती चार बोटं खाली बसली. मुलं घाबरली, “बाई, माती कमी झाली!” कमी झाली नव्हती, तिच्यातल्या पोकळ्या भरल्या होत्या. आणि आबांना हवी होती तशी कड आपोआप वर राहिली.

आता पाण्याचं. २०२३ सालचा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. आपल्या देशात १९०१ पासून ऑगस्टमध्ये इतका कमी पाऊस कधी झाला नव्हता. गावात हंडाभर पाण्यासाठी रांग, आणि शाळेत भाजी कशावर पिकवणार? पुन्हा गणित. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी सारखं पसरलं, तर ते बरोबर एक मिलीमीटर उंच होतं. करून बघा हिशोब. आमचा वाफा ३० चौरस फूट, म्हणजे सुमारे पावणेतीन चौरस मीटर. रोज पाच मिलीमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर १४ लिटर लागणार. आणि दुपारच्या जेवणानंतर प्रत्येक मूल ताट विसळायला अर्धा लिटर पाणी घेतं. ३१ मुलं, म्हणजे साडेपंधरा लिटर! जे पाणी मोरीतून वाहून जात होतं, तेवढ्यातच वाफा भिजत होता. खरकटं आधी वेगळ्या बादलीत काढायचं, साबणाचं पाणी वेगळं टाकायचं आणि नुसतं विसळलेलं पाणी वाफ्याला. शिवाय वाफ्यात दोन मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली. न रंगवलेल्या मडक्यातून पाणी हळूहळू पाझरतं आणि मुळं ते शोधत येतात. रविवारी, सुटीत ती मडकी आमचं काम करायची. वर पाचटाचं आच्छादन घालायचं ठरलं, म्हणजे ऊन सरळ मातीवर पडणार नाही.

सगळी तयारी झाली. ४ सप्टेंबर, सोमवार, पेरणीचा दिवस ठरला. मी बियांच्या पुड्या घेऊन वर्गात गेले. सगळी मुलं उठून गोळा झाली. एक मुलगा मात्र जागेवरच बसून राहिला. चौथीतला, चांगला दणकट. दगड वाहताना सगळ्यांच्या पुढे असायचा. (त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही.) मी म्हटलं, “का रे, तू येत नाहीस?”

तो म्हणाला, “मी कशाला पेरू, बाई? मी जानार की. खानार दुसरेच.”

वर्ग गप्प झाला. कारण तो एकटा नव्हता. वर्गातल्या ३१ मुलांपैकी १४ मुलं जाणार होती.

कुठे जाणार, हे शहरातल्या मुलांना सांगायला हवं. आमच्या भागातली शेती पावसावरची, तीही तुटपुंजी. म्हणून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. अशा कोयत्यांची टोळी असते, टोळीला मुकादम असतो आणि त्याच्याकडून आधीच घेतलेली ‘उचल’ फेडायची असते. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत राहायचं, पहाटे अंधारात कामाला लागायचं. गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलला परत. काही मुलं मागे आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण घरी सांभाळणारं कोणी नसलं, किंवा धाकट्या भावंडाला बघायचं असलं, तर मुलांना बरोबर जावं लागतं. तुमच्या चहातली साखर कुठून येते, हे या मुलांना कोणी शिकवावं लागत नाही.

त्या मुलाला मी काय सांगणार होते? ‘दुसऱ्यासाठी झाड लावावं’ असं सुभाषित मला येत होतं. पण पेरणारा तो आणि जेवणारे दुसरेच, हे त्याने जन्मापासून पाहिलं होतं. त्याला सुभाषिताची गरज नव्हती. त्याचा प्रश्न सरळ होता, म्हणून आम्ही तो फळ्यावर लिहिला: “जाणाऱ्यांना खायला मिळेल असं काय पेरता येईल?”

पेरणी तास-दोन तास थांबली. मुलांनी घरी विचारून आलेली तारीख सांगितली. यंदा टोळ्या २ नोव्हेंबरला निघणार. ४ सप्टेंबर ते २ नोव्हेंबर. बोटांवर, कॅलेंडरवर, फळ्यावर, तीन वेळा मोजलं. एकोणसाठ दिवस.

मग प्रत्येक भाजीला विचारायचं, ‘तुला किती दिवस लागतात?’ आबांना, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना आणि बियांच्या पाकिटांना विचारून यादी केली. मेथी २५ ते ३० दिवस. पालक ३० ते ३५. मुळा आणि कोथिंबीर ४० ते ४५. भेंडीचा पहिला तोडा ४५ ते ५०. चवळीच्या शेंगा ५०-५५. हे सगळे एकोणसाठच्या आत! मुलं टाळ्या वाजवू लागली. टोमॅटो आणि वांगी मात्र बाहेर गेली. आधी महिनाभर रोप वाढवायचं, मग लावल्यावर आणखी दोन-सव्वादोन महिने. कांदा तर चार महिन्यांच्याही पुढे.

एवढ्यात तोच मुलगा उठून फळ्यापाशी आला. इतका वेळ त्याने तोंड उघडलं नव्हतं. मेथीपुढे बोट ठेवून म्हणाला, “बाई, तीस दिवसाची हाय ना ही? मग ही दोनदा निघंल.”

आणि ते खरंच होतं! मी त्या आकड्याकडे इतका वेळ पाहत होते, पण दोनदाचा हिशोब त्यानेच केला. खडू त्याच्या हातात दिला. त्याने मेथीपुढे दोन रेघा मारल्या.

मग पेरणी झाली. मेथी ओळीत, बोटाच्या एका पेराएवढी खोल. धने चपलेखाली हलकेच रगडून दोन फाका केले, कारण धन्याच्या एका गोळ्यात दोन बिया असतात. पालकाचं बी रात्रभर भिजवलेलं होतं. चवळी आणि भेंडी दोन कडांना. एका कोपऱ्यात गवती चहाचा ठोंब, दुसऱ्यात पुदिना (तो मडक्याच्या काठाजवळ, कारण त्याला ओल आवडते आणि तो पसरतोही फार), आणि कडेला ओव्याच्या पानांची फांदी. ही औषधी मंडळी कायम राहणारी, आज तोडली तरी उद्या फुटणारी.

पेरून झाल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला. “बाई, टमाट्याचं बी हाय का?”

“आहे. पण टोमॅटो तुला मिळणार नाही रे, डिसेंबर उजाडेल.”

“मला नको. माझी बहीण ऱ्हाती आज्जीपाशी. पहिलीत हाय ती. तिला आवडतेत.”

जुन्या डब्यात त्याने स्वतःच्या हाताने टोमॅटोचं बी टाकलं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. स्वतःचा वाटा आधी मोजून मिळाला, तेव्हा दुसऱ्याचा वाटा काढायला तो आपण होऊन आला. मला वाटतं, हे असंच असावं.

मेथी चौथ्या दिवशी वर आली. धन्यांनी मात्र दहा दिवस वाट पाहायला लावली. एक मुलगी रोज माती उकरून बघायची, तिला आवरता आवरता पुरेवाट झाली. एकदा एक शेळी आत शिरून चवळीचे शेंडे खाऊन गेली. मग भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. चवळीही अशी चिवट, की खालून पुन्हा फुटली. पुढे तिचं एक रोप उपटून मुळावरच्या बारीक गाठी मुलांना दाखवल्या. त्या गाठींमधले जिवाणू हवेतलं नत्र घेऊन ते रोपाला देतात. म्हणून चवळी नुसतं खात नाही, मातीला परतही देते.

३ ऑक्टोबरला, २९व्या दिवशी, पहिली मेथी काढली. वजन केलं, पाऊण किलो. मावशींनी ती त्या दिवशीच्या खिचडीत घातली. ३१ ताटांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला कितीशी येणार! पण प्रत्येक जण आपल्या घासातलं हिरवं पान दाखवत होता, “ही माझ्या ओळीतली!” एरवी मेथी बाजूला काढणारी मुलंसुद्धा चाटून-पुसून जेवली. पालकांनो, तुमचं मूल भाजी खात नसेल, तर रागावण्याआधी त्याला ती एकदा पेरायला द्या.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा मेथी पेरली. मुळे आणि कोथिंबीर निघाली. दसऱ्याला पहिल्या भेंड्या मिळाल्या. महिना संपता संपता चवळीच्या शेंगा आल्या. टोमॅटोची रोपं वाफ्यात लावली ती उत्तरेच्या कडेला, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि उंच झाडाची सावली मग बाकीच्यांवर पडत नाही. आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी दुसरी मेथी काढली. ती खिचडीत घातली नाही. जाणाऱ्या १४ मुलांना एकेक जुडी बांधून दिली, दुसऱ्या दिवशीच्या वाटेतल्या भाकरीबरोबर खायला.

त्याच वेळी त्यांना शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. मूल कोणत्या इयत्तेत आहे, कुठवर शिकलं आहे, हे त्यात लिहिलेलं असतं, म्हणजे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता येतं. या वेळी त्या पत्रकाबरोबर प्रत्येकाला एक पुडी दिली. तीत मूठभर मेथीचं आणि धन्याचं बी. पुडीवर मुलांनीच लिहिलं, ‘मेथी, ३० दिवस’.

बियांवरून एक सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे राहतात. त्यांना शाळेत जायला मिळालं नाही. पण त्यांनी गावठी भाज्यांची आणि धान्यांची बियाणी जपली, त्यांची बँक केली आणि ती परसबागांसाठी लोकांना दिली. त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. सगळे त्यांना बीजमाता म्हणतात. गावठी वाणाचं बी धरून ठेवलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक येतं. संकरित बियाण्याचं तसं नसतं, त्याचं बी धरलं तर पुढची पिढी निरनिराळी निघते. म्हणून आम्ही चवळीच्या दोन वेलांच्या शेंगा तोडल्याच नाहीत, बियांसाठी वाळू दिल्या.

मागे राहिलेल्या १७ मुलांनी वाफा सांभाळला. डिसेंबरात टोमॅटो लाल झाले. पहिला टोमॅटो कोणाला द्यायचा यावर चर्चाच झाली नाही. पहिलीतल्या त्या छोटीने तो दोन्ही हातांत धरला, वास घेतला आणि दप्तरात ठेवला. “आज्जीला दावते,” म्हणाली.

एप्रिल २०२४ मध्ये, पाडव्याच्या सुमाराला, टोळ्या परत आल्या. तो मुलगा उन्हाने काळवंडला होता, उंचही झाला होता. आल्या आल्या वाफ्याकडे गेला. तेव्हा आत भाजी नव्हती, उन्हाळ्यात आम्ही नुसतं आच्छादन ठेवतो. पण गवती चहाचा ठोंब चांगला पसरला होता. मी विचारलं, “बी पेरलंस का रे?”

“पेरलं. कोपीच्या मागं, न्हानीच्या पान्यावर. पयली मेथी आली, आईनं भाजी केली.”

“आणि दुसरी?”

“दुसरी पेरली आन् आमचा फड संपला. दुसऱ्या गावाला गेलो.” थोडा थांबून म्हणाला, “तिथं मागनं जी टोळी आली असंल, तिनं खाल्ली असंल.”

एवढं बोलून तो पाणी प्यायला गेला. जूनमध्ये तो पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत गेला.

आता आमच्याकडे तीन गादीवाफे आहेत. दर वर्षी पाऊस सुरू झाला, की पेरणीच्या आधी मुलं घरी तारीख विचारून येतात आणि फळ्यावर आकडा लिहितात. कधी एकोणसाठ, कधी पासष्ट, कधी बावन्न. मग भाज्या निवडायच्या. पाऊस, माती, ऊन यांचा हिशोब सगळेच करतात. आमच्या वाफ्यात आणखी एक हिशोब असतो, तेव्हा इथे कोण असेल आणि कोण नसेल, याचा.

मुलांनो, तुम्हालाही गादीवाफा करायचा असेल तर मोठं आवार नको. दिवसातून पाच-सहा तास ऊन येणारी तीन फूट बाय तीन फूट जागा पुरे. दगड नसतील तर जुन्या विटा घ्या, गच्चीवर करायचा असेल तर आधी मोठ्यांना विचारा, कारण ओल्या मातीचं वजन फार असतं. त्यापेक्षा गच्चीवर जुने डबे बरे. माती, पोयटा, शेणखत सारखे घ्या. पाय ठेवू नका. वाफसा बघून पेरा. काम झालं की हात स्वच्छ धुवा. पाणी घरातलं वाया जाणारं वापरा, किती वाया जातं ते आधी मोजा, म्हणजे तुम्हीच चकित व्हाल.

आणि बी मातीत टाकण्याआधी घरात सगळ्यांना एकदा विचारा: हे तयार होईल तेव्हा खायला कोण कोण असणार? मामाकडे शिकायला जाणारी ताई असेल, गावाला परत जाणारी आजी असेल, कामासाठी जागा बदलत राहणारं शेजारचं कुटुंब असेल. जो आधी जाणार त्याच्यासाठी मेथी आधी पेरा. तीस दिवस काही फार नाहीत.